डांबरावर हात

रूबेननं हॉलंडला परत जाताना
सोफा विकला, सायकल विकली,
कुत्र्याला गिऱ्हाईक मिळेना
तेव्हा माझ्या दाराशी बांधून गेला.
सोबत अर्धी पिशवी खाणं, लसीचं पुस्तक,
आणि कागदावर डच भाषेतल्या सात आज्ञा.
एकही मला धड उच्चारता येईना.

मी त्याचं नाव पावटा ठेवलं.
रंग तसाच, अक्कलही तशीच,
असं आईला फोनवर सांगितलं.
आई म्हणाली, एवढ्या लांब जाऊन
कुत्रंच मिळालं का तुला सांभाळायला?

महिनाभर तो संध्याकाळी सहाला
दाराकडे तोंड करून बसायचा.
माझ्यासाठी नव्हे. मी घरातच असायचे.
बत्तिसाव्या दिवशी उठला, पाणी प्यायला,
माझ्या चपलेवर हनुवटी टेकून झोपला.
इतकंच. समारंभ नाही.
जुन्या कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून
तीन वर्षं मी बाहेर पडले नव्हते.
त्या रात्री पडले.

सोहारचा मे महिना.
पहाटेची अजान झाली की आम्ही निघायचो,
मासळीबाजाराच्या मागून समुद्राकडे.
एका शुक्रवारी झोप लागली, दहा वाजले.
चार पावलं चालला आणि थांबला.
मी दोर ओढला. तो आला.
मी ओढला म्हणून आला.
घरी येऊन बघते तर पंजाची कातडी
तळलेल्या पापडासारखी फुगलेली.

जनावरांची डॉक्टर सुमैया म्हणाली,
हाताची मागची बाजू डांबरावर ठेव.
सात मोजेपर्यंत ठेवता आली, तरच याला बाहेर काढ.
तुझ्या पायात बूट. तुला कसं कळणार?
मग शांतपणे बिल दिलं. अठरा रियाल.

माझं काम काय, ते सांगायचं राहिलं.
सेफ्टी ऑफिसर. पांढरं हेल्मेट, हिरवं जाकीट.
बंदरापाशी तेलाच्या टाक्या उभ्या राहतायत
आणि मी दिवसातून दोनदा सही करते :
परिस्थिती काम करण्यास योग्य.
तापमान मोबाइलवरून उतरवायचं,
गाडीत बसून, एसी लावून.
दुपारची कामबंदी जूनपासून. कायदा तसा आहे.
आणि ती तर मेची सव्वीस.

त्या दुपारी मी हातमोजा काढला
आणि सळईवर हात ठेवला.
एक.
दोन.
तीन म्हणता आलं नाही.

वर येल्लय्या तारेच्या गाठी मारत होता.
मोज्याच्या दोन बोटांना भोकं.
त्यानं खाली माझ्याकडे बघितलं
आणि पुढची गाठ मारली.
थांब, असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

मी सही केली नाही.
साडेबारा ते साडेतीन काम बंद, असं हातानं लिहिलं.
कुरियन साहेबांनी विचारलं, कुठल्या कलमाखाली?
कलम नव्हतं. हातावर लाल पट्टा होता,
तो दाखवला.
जून लागायला पाचच दिवस होते, ते म्हणाले,
पाच दिवस थांबता आलं नसतं?
मीही तेच म्हणत होते.

बढती त्या वर्षी दुसऱ्या कुणाला मिळाली.
वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू.
रात्री जेवले नाही, तर पावट्यानंही
त्याच्या वाडग्याला तोंड लावलं नाही.
मग मीच उठून दोघांसाठी भात टाकला.

आता त्याला मराठी येतं.
बस, ये, खाली ठेव, हे सगळं कळतं.
'नको' तेवढं कळत नाही.

पार्किंगमध्ये मी रोज गुडघ्यावर बसते, तळवा उलटा करते.
वॉचमनला वाटतं, बाईंचं काहीतरी हरवलंय.
शेजारचा हिलाल आधी लांबून बघायचा,
कुत्र्याला भ्यायचा.
हल्ली शाळेची बस येईपर्यंत
तोही शेजारी टेकतो, इवला हात पालथा घालतो,
वाहिद, इथनैन, तलाता,
आणि पावटा एक पंजा वर धरून
आमचं मोजून होण्याची वाट बघतो.